डब्ल्यू दाबायच्या आधी

दुकानात माल साठला की छातीत धडधड होते, किस्से साठले तर होत नाही. डिस्कचा भाव दर आठवड्याला पडतो, किस्स्याचा मात्र सांगू तितका चढतो! नेहरू प्लेसच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या आमच्या गाळ्यात दोन्ही साठले. माल निघून गेला. किस्से राहिले, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे आणि एकाच कामाचे.

माणूस म्हणजे हरपाल, माझा टेक्निशियन. काम म्हणजे लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालणाऱ्या जुन्या मशीनमध्ये मोठी हार्ड डिस्क बसवून तिचे भाग पाडणं, ज्याला सगळे पार्टिशन म्हणतात.

मी मूळ कराडचा. मेहुण्यांच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंधरा दिवसांसाठी आलो होतो, ते पंधरा दिवस अजून संपायचेत. हरपाल माझ्याकडे येण्याआधी लाजपत नगरला मोठ्या भावाच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायचा. कॉम्प्युटर आम्हा दोघांनाही कोणी शिकवला नाही. पुस्तकातलं हरपाल वाचायचा, मला सांगायचा, मी गिऱ्हाइकाला सांगायचो, आणि गिऱ्हाईक समजायचं की दोघंही इंजिनियर!

* * *

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुडगाव-नोएडाला काचेच्या इमारती उठत होत्या आणि डिस्कचे आकडे त्या इमारतींपेक्षा जोरात चढत होते. मशीन मात्र लोकांकडे जुनीच.

श्रीवास्तवजी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधले, मंत्रालयात फायली सांभाळणारे. लिनक्स कशाला पाहिजे, तर "फ्री है ना?" वीस जीबीची डिस्क घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत मशीन घालून हजर.

"कदम साहब, आठ ही दिखा रहा है. मेरी बारह किसने रखीं?"

मी माझा ठेवणीतला दाखला दिला. घर वीस खोल्यांचं आहे, पण गेटवरचा चौकीदार जुना. त्याला आठपर्यंतच मोजता येतं. खोल्या कुठे गेल्या नाहीत. लिनक्स एकदा आत शिरलं की ते चौकीदाराला विचारत नाही, स्वतः मोजतं.

"मतलब बारह अंदर हैं?"

"बिल्कुल अंदर हैं."

"लिखित में दीजिए."

काय करता? दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं: प्रमाणित किया जाता है कि शेष बारह जीबी डिस्क के भीतर ही है. सही केली, शिक्का मारला. त्यांनी दोनदा वाचलं, "तारीख डालिए" म्हणाले, आणि घडी घालून निघाले.

हरपाल बिचारा नंतर दोनदा फोन करून म्हणाला, या, ती बारा जीबी दिसतील असं करून देतो.

श्रीवास्तवजी म्हणाले, "ज़रूरत नहीं. लिखित में है."

* * *

त्याच चौकीदाराचा, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्क मोजणाऱ्या जुन्या चिपचा, दुसरा त्रास असा की लिनक्स सुरू करणारं सामान डिस्कच्या पहिल्या तुकड्यातच ठेवावं लागायचं. लांब ठेवलं तर त्याचा हात पोचायचा नाही. मग स्क्रीनवर काय व्हायचं? सुरू करणारा छोटा प्रोग्राम आपलं चार अक्षरी नाव एकेक अक्षर करून लिहायचा. सामान सापडलं नाही की मध्येच थांबायचा. पहिलं एल, मग आय, आणि पुढे शुकशुकाट!

"कदम साहब, आधा नाम लेके बेहोश हो जाता है," हरपाल म्हणायचा.

गाझियाबादला त्यागीजींचा पंख्यांची पाती बनवायचा कारखाना होता. त्यांची मोठी डिस्क आम्ही बसवून दिली. दुकानात चालवून बघितली तेव्हा ठीक होती. पुढे त्यांच्या कोणा भाच्याने लिनक्स नव्याने घातलं, आणि सामान जाऊन बसलं डिस्कच्या दुसऱ्या टोकाला.

आम्हाला यातलं काही माहीत नाही. दुपारी फोन आला. आवाज अगदी दबका, जणू शेजारी कोणी आजारी झोपलंय.

"कदम साहब, कल से मशीन बंद थी, आज सुबह चलाई है."

"जी, त्यागीजी."

"पूरा स्टाफ सामने बैठा है. किसी ने हाथ नहीं लगाया."

"अच्छा किया. हुआ क्या?"

"सुबह से दो अक्षर आए हैं. बाकी कब तक आ जाएँगे?"

* * *

इथवर आम्ही हसत होतो. पुढचं सांगतो त्यात हसणं कमी आहे, पण ते सांगितल्याशिवाय हरपाल कळायचा नाही.

भाग पाडायचा त्या वेळचा जो प्रोग्राम होता तो फार सज्जन. तुम्ही भाग पाडा, पुसा, परत पाडा, डिस्कवर एक ठिपका उमटत नाही. सगळं नुसतं स्क्रीनवर. शेवटी क्यू दाबलंत तर काही झालंच नाही असं समजून गप बाहेर पडतो. डब्ल्यू दाबलंत तर मात्र सगळं एका झटक्यात डिस्कवर लिहितो. मग देव आला तरी परत फिरत नाही.

वासंती मॅडम आर्किटेक्ट. इंदिरापुरम तेव्हा नुसतं खांब आणि वाळूचे ढीग होतं, त्यातल्या निम्म्या खांबांची ड्रॉइंग त्यांच्या मशीनमध्ये. जागा पुरेना म्हणून दुसरी डिस्क घ्यायची ठरली. हरपाल त्यांच्या घरी गेला. मशीनमध्ये दोन डिस्क, जुनी भरलेली, नवी कोरी, कंपनी एकच, साईज एकच. हरपालने डब्ल्यू दाबलं, वर फॉरमॅट चालवलं, आणि मग बघतो तर नवी डिस्क जशीच्या तशी कोरी.

मी स्कूटर काढून पोचलो तेव्हा हरपाल खुर्चीत नाही, भिंतीला टेकून उभा. मॅडमनी जुन्या प्रिंटांची भेंडोळी टेबलावर पसरली होती आणि काय काय उरलंय ते बघत होत्या. ओरडल्या नाहीत. मला "या कदम" म्हणाल्या. मग हरपालकडे वळून विचारलं, "पानी लोगे?"

पुढे दोन महिने आमच्या दुकानातून रोज कोणीतरी जाऊन त्यांच्या प्रिंट स्कॅन करून देत होतं. बरंचसं काम परत उभं राहिलं. मॅडम आजही आमच्या गिऱ्हाईक आहेत. पण त्या दिवशी परत येताना निजामुद्दीनच्या पुलावर हरपाल मागच्या सीटवरून म्हणाला, "गाली देतीं तो ठीक था. पानी क्यों पिलाया?"

मी स्कूटर दुकानाकडे वळवली.

दुकानाच्या जिन्याशी आल्यावर त्याने सांगून टाकलं. "एक और गई मेरे हाथ से, तो मैं इस लाइन से उठ गया. भाई की टीवी की दुकान है ही."

आणि हरपाल उठला असता तर माझ्या दुकानात उरलं काय असतं? पेटीतला माल आणि माझं तोंड. तोंडावर डिस्क चालत नाही.

* * *

त्यानंतर हरपालने एक पद्धत पाडली. डब्ल्यू दाबायच्या आधी दोन माणसं पाहिजेत. एकाने डिस्कवर चिकटवलेल्या लेबलवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्क्रीनवरचा. शेवटच्या चार आकड्यांना दोघांनी एकदम बोलायचं. तोवर पंखा बंद, रेडिओ बंद, चहावाल्याला दाराबाहेर उभं करायचं.

शेजारच्या गाळ्यातला प्रिंटरवाला पहिल्या आठवड्यात आत डोकावला. "सात, तीन, एक, एक" चाललेलं ऐकून म्हणाला, "तंबोला है क्या? एक टिकट मुझे भी दे दो, यार!"

बरं, एवढं होऊन डब्ल्यू दाबायचं कोणी? हरपाल बोट वर न्यायचा आणि तिथेच धरायचा. पहिल्यांदा मी दाबलं. पण मी दर वेळी कुठला असणार? मग त्याने तोडगा काढला. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "आपकी डिस्क, आपकी उँगली."

नोएडाच्या एका सेक्टरमध्ये रिटायर्ड फौजींची वस्ती आहे. तिथले एक कर्नल साहेब, मिशा अशा की लिफ्टमध्ये आधी त्या शिरायच्या. सगळे नंबर वाचून झाले. हरपालने खुर्ची मागे सारली. "सर, डब्ल्यू. आप दबाइए."

कर्नल पुढे झुकले. बोट उचललं. मग म्हणाले, "यह दबाया तो पीछे नहीं हट सकते?"

"नहीं, सर."

"बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं."

कर्नल सरळ झाले, घसा खाकरला आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "सुनती हो? ज़रा इधर आना."

बाई कणकेच्या हातानेच आल्या. कुठलं बटण म्हणून विचारलं, हरपालने दाखवलं, त्यांनी दाबलं. डब्ल्यूवर पीठ. "हो गया? मेरी रोटी जल रही है."

* * *

एकदा हरपाल धाकट्या बहिणीच्या लग्नाला लुधियान्याला गेला आणि इकडे दवाखान्याचं एक मशीन अडून बसलं. रिपोर्ट सगळे त्यात. डॉक्टरबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या त्या उठेनात. मी म्हटलं, इतकी वर्षं बघतोय, आपण करू. घरून बायकोचा फोन आला, जेवायला येताय ना? तिला सांगितलं, डिस्कचे भाग पाडतोय. ती म्हणाली, "तुम्ही? अहो, तुम्हाला घरात कलिंगडाचे सारखे भाग पाडता येत नाहीत!"

भाग पाडले. नंबर जुळवायला दुसरा माणूस म्हणून प्रिंटरवाल्याला बोलावलं. जुळले. परत जुळवले. डब्ल्यूवर बोट ठेवलं तर बोट माझं नाहीच असं वाटायला लागलं. शेवटी लुधियान्याला फोन लावला.

मागे बँडचा हा गोंधळ! हरपाल ओरडून विचारतोय, मी ओरडून आकडे सांगतोय. "सात?" "आठ!" "साठ?" "अरे आठ, यार, आठ!" डॉक्टरबाई डोळे मिटून बसलेल्या.

"कदम साहब, एक मिनट. होल्ड करो."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. बँड चालू. ढोल चालू. मग एकेक वाद्य थांबत गेलं, शेवटी कोणाची तरी पिपाणी एकटीच वाजत राहिली, तीही बंद पडली. वऱ्हाडातली लहान पोरंसुद्धा गप्प.

हरपाल परत फोनवर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बारात रुकवा दी है. अब पढ़ो."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा हरपालसमोर सांगत नाही.

वर्षं गेली. डिस्क तीन टीबीच्या झाल्या. आमचा तो सज्जन जुना प्रोग्राम दोनपर्यंतच मोजायचा, पुढचं त्याला झेपेना. मोठ्या डिस्कला वेगळा प्रोग्राम लागायला लागला. तेवढ्यात नोएडाच्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीचं काम आलं. तिथला इंजिनियर अमेय, पुण्याचा मुलगा, मला काका म्हणायचा. एक मशीन करून दाखवा, जमलं तर पुढची सगळी तुमची, असं ठरलं.

अमेयने नव्या प्रोग्रामच्या कमांडची यादी पाठवली. हरपालने ती वहीत उतरवून घेतली आणि दोन दिवस पाठ केली. मग माझ्याकडे आला. "कदम साहब, इसमें डब्ल्यू कहीं नहीं है."

मी बिलबुकातून मान वर न करता म्हणालो, "अरे, आख़िर में पूछेगा ना! इतनी बड़ी डिस्क है, बिना पूछे थोड़ी लिखेगा."

हे माझे शब्द. लक्षात ठेवा, मी तर ठेवलेच.

कंपनीच्या गेटवर कळलं, पास एकालाच. मोबाईल दोघांचेही गेटवर जमा. हरपालने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ऑपरेशनला नेतायत. मी म्हटलं, "नंबर अमेय पढ़ देगा. जा." तो गेला. मी गार्डच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर.

अर्ध्या तासाने अमेय खाली चहाला आला.

"काका, तुमचा माणूस डेरिंगवाला आहे हां. म्हणाला, आप चाय पी के आओ, तब तक मैं रिहर्सल करता हूँ."

हे मला नवीन नव्हतं. हरपाल खरं काम करायच्या आधी सगळं स्क्रीनवर दोन-तीनदा करून बघायचा आणि क्यू दाबून बाहेर पडायचा. रिहर्सलला कुठलीही डिस्क चालते म्हणून सरळ यादीतली पहिली उघडायचा. नंबर, माणसं, पंखा, हे सगळं नंतर.

"चांगलं आहे ना मग," मी म्हटलं.

"रिहर्सल कसली, काका! या प्रोग्रामला सेव्ह-बिव्ह भानगडच नाही. ओळ लिहिली, एंटर मारला, गेली डिस्कवर. मी म्हटलं, जोक मारतायत."

मी उभा राहिलो. "यादीत पहिली डिस्क कुठली?"

"पहिली? आमचीच, जुनी. सगळे नकाशे तिच्यावर. नवी दुसरी."

"आणि बॅकअप?"

"त्याच्यासाठीच तर नवी आणलीय ना, काका."

बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. चहाचा कप त्याने गार्डच्या रजिस्टरवर ठेवला आणि धावत लिफ्टकडे गेला. मीही मागोमाग निघालो. गार्डने हात आडवा घातला. "पास?"

"अरे, पुराना आदमी है मेरा ऊपर!"

"पास दिखाइए."

परत खुर्ची. लिफ्टचा आकडा वर जाऊन थांबला तो थांबलाच. माझ्या डोळ्यासमोर हरपाल भिंतीला टेकून उभा. त्याला सांगणारा मी. बिना पूछे थोड़ी लिखेगा! लाजपत नगरच्या दुकानात भावाशेजारी बसून तो रिमोट उघडतोय, हेही दिसलं. गार्ड म्हणाला, "साहब, आराम से बैठिए. आप हिल रहे हो, मेरी मेज़ हिल रही है."

किती वेळ गेला कोण जाणे. लिफ्ट उघडली. आधी अमेय बाहेर आला आणि लांबूनच दोन्ही हात वर केले.

"काका, मानलं! अहो, परवा आम्ही डिस्क जोडायचं नवीन कार्ड घातलं ना मशीनमध्ये, त्याने नावं उलटी झालेली. नवी डिस्क पहिली झाली, जुनी दुसरी. मलाच माहीत नव्हतं! मी तर यांना लिहूनच दिलं होतं की दुसरीवर चालवा. दुसरा कोणी असता तर आज आम्ही सगळे घरी बसलो असतो. यांनी बरोबर पहिली पकडली. तीन भाग, एकदम क्लीन, एकसुद्धा चूक नाही. जुनी मी उघडून बघितली, सगळं जागेवर. पुढची सगळी मशीन यांनीच करायची, दुसरं कोणी पाठवू नका."

मागे हरपाल. पगडीची कड घामाने काळी. अमेयने त्याच्याशी हात मिळवला, त्याने मिळवू दिला. रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली, मोबाईल घेतला. थेट गाडीत जाऊन बसला.

गाडी कालिंदी कुंजच्या लाल दिव्याला थांबली. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी मी गियर टाकला नाही, कारण हरपाल माझ्याकडे वळून बघत होता.

"कदम साहब," तो म्हणाला, "मैंने तो अभी शुरू भी नहीं किया था."